चौसाळ्याला मी उतरले नाही

तिला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या मैदानावर नाही, आमच्या रानात. कापसाची वेचणी चालू होती. तिच्या वडिलांची मेंढरं आमच्या बांधापलीकडं चरत होती आणि त्यातलं एक कोकरू शेजारच्या हरभऱ्यात घुसलं. ती बांधावर बसून बोरं खात होती. कोकरू दिसताच तिनं बोरं परकराच्या ओच्यात टाकली, ओचा कमरेला खोचला आणि जी निघाली, मध्ये काटे आहेत, ढेकळं आहेत, कशाचाच विचार नाही. कोकराला तिनं हरभऱ्याच्या मध्यावर गाठलं, कानाला धरून बाहेर आणलं आणि परत येऊन उरलेली बोरं खायला बसली. साधी धापही लागली नव्हती. माझी आई वेचता वेचता थांबली आणि म्हणाली, "पोरगी हाय का हरीण."

आम्ही तेव्हा दहा वर्षांच्या असू. माझ्या वडिलांची जमीन बऱ्यापैकी होती, गावात त्यांच्या शब्दाला मान होता. तिच्या घरी थोडं कोरडवाहू रान आणि साठ-सत्तर मेंढरं. आमचं घर गावाच्या मध्यावर, त्यांचं कडेला. आमची गट्टी जमली ती शाळेमुळं. गावात चौथीपर्यंतच शाळा होती. पुढं शिकायचं तर तेलगावला जावं लागायचं, तीन किलोमीटर चालत. आमच्या गावातून पाचवीला गेलेल्या मुली दोघीच, ती आणि मी.

त्या वाटेवर आम्ही जवळजवळ चार वर्षं चाललो. आज डोळे मिटले तरी ती वाट मला पावलापावलानं दिसते. दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच एखादं कापसाचं रान, पुढं ओढा, ओढ्याच्या वर चिंचेची तीन झाडं. हिवाळ्यात सकाळी इतकं गारठायचं की आम्ही दोघी तिच्या घोंगडीत एकत्र शिरून चालायचो. घोंगडीला मेंढरांचा वास यायचा. घरी गेल्यावर आई माझे केस हुंगून विचारायची, "आज पुन्हा तिच्या घोंगडीत का?" पण रागवायची नाही. कारखान्याकडं निघालेली उसाची गाडी दिसली की गाडीवानाच्या नकळत मागून कांडं ओढायचं काम तिचं, ते दगडावर आपटून मोडायचं काम माझं. माझ्या डब्यातली पोळी तिला लागायची आणि तिची लसणाची चटणी, बाजरीची भाकरी मला.

चालता चालता मी तिच्याकडून कविता पाठ करून घ्यायची. गणितात ती माझ्याहून चलाख होती, पण लिहायचा तिला कंटाळा. उत्तर तोंडी सांगायची आणि म्हणायची, "लिव्ह तू. तुजं अक्षर चांगलं हाय." मेंढराचे दात बघून वय कसं ओळखायचं हे मला तिनं शिकवलं. मला ते अजून येतं. पुढच्या आयुष्यात त्याचा मला काडीचा उपयोग झाला नाही, पण विसरले मात्र नाही.

आठवीत असताना शाळेत खेळाचे नवे सर आले. त्यांनी एक दिवस सगळ्या मुलींना मैदानावर उभं केलं आणि पळायला लावलं. ती सगळ्यांच्या इतकी पुढं गेली की सरांनी शिट्टी तोंडात धरली ती धरलीच. त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत सर तिला पळवायला लागले. मीही जायची. मला पळण्याची काही आवड नव्हती. पण जिल्ह्याच्या स्पर्धेला बीडला न्यायचं म्हणत होते, दोन दिवस तिथं मुक्काम, आणि मला बीड बघायचं होतं. पाचवीपासून वर्गात पहिला नंबर माझा. शाळेतून कुणी कुठं जायचं म्हटलं की माझंच नाव असायचं, वक्तृत्वाला काय आणि गीतगायनाला काय.

निवड झाली त्या दिवशी मी सगळ्यांत शेवटी आले. सर हसत म्हणाले, "तू आपली भाषण कर." वर्ग हसला. तीही हसली. तिच्या हसण्यात काही नव्हतं हे मला आज कळतं.

बीडला जायचं तर पालकांची लेखी संमती लागत होती. तिनं घरी विचारलं, वडील नाही म्हणाले. मग तिनं ओढ्याजवळ मला थांबवलं. "तू लिव्ह," ती म्हणाली. "बा म्हनून लिव्ह. अंगठा मी देते." मी वहीचा कागद फाडला आणि सुबक अक्षरात संमती लिहिली. पेनातली शाई तिच्या अंगठ्याला लावली. पण तिचा अंगठा बारीक, तो बाईमाणसाचाच दिसणार. तिनं जरा विचार केला, चप्पल काढली आणि पायाचा अंगठा पुढं केला. आम्ही त्या कागदावर तिच्या पायाचा ठसा उमटवला आणि हसून हसून दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटतं, आम्ही एकत्र इतकं हसलो ते तेव्हाच, शेवटचं.

घरी तिनं सांगितलं की परीक्षा जवळ आली आहे, दोन दिवस मी मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला राहते. म्हणजे माझ्याकडं. जाताना मला ती म्हणाली, "सर म्हनत्यात तिथं अर्धी चड्डी घालावी लागंल. मला तर बाई लाज वाटती."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या सुमाराला तिचे वडील आमच्या दारात आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. आई शेजारी गेली होती. मी पायरीवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. त्यांना मी मामा म्हणायची. ते दारापाशीच उभे राहिले आणि हळू आवाजात म्हणाले, "माय, पोरीला जरा बोलीव. तिच्या मायला ताप आलाय, घरी नेतो."

मला सांगता आलं असतं की ती आतल्या खोलीत झोपली आहे, उद्या सकाळी येईल. सांगता आलं असतं की मला माहीत नाही. घाबरले असते तर रडू आलं असतं, आणि त्यावर कुणी काही म्हटलं नसतं. मी घाबरले होते हे खरं. पण त्या वेळी माझ्या मनात भीतीपेक्षा दुसरंच काहीतरी वर आलं. सर हसले होते ते, वर्ग हसला होता ते. मी शेंगांवरची नजर न काढता म्हणाले, "ती इथं न्हाई, मामा. बीडला गेलीय. सरांसंगं. शर्यतीला."

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण मी वर बघितलं आणि पुढं म्हणाले, "अर्ध्या चड्डीवर पळायला."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. ते रागावले नाहीत. त्यांनी एकदा मागं वळून बघितलं, गल्लीत कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. मग "बरं," म्हणाले आणि गेले.

पहिलं वाक्य खरं होतं. ते लहान मुलीच्या तोंडून भीतीनं निघालं, असं मी स्वतःला पुष्कळदा समजावलं आहे, आणि ते पटतंही. दुसऱ्या वाक्याला मात्र मला आजपर्यंत सबब सापडलेली नाही. ते कुणी विचारलंच नव्हतं.

ती परत आली त्या दिवशी वडील तेलगावच्या स्टँडवर उभे होते. ती शाळेत परत आली नाही. सरांनी तिच्या घरी दोन खेपा घातल्या, उपयोग झाला नाही. शाळेची वाट तिच्या घरावरूनच जायची. मी वाट बदलली. गावाच्या मागून उसातून एक पायवाट होती, लांबची आणि चिखलाची. त्या वाटेनं मी जायला लागले. आई विचारायची, पाय एवढे कसे भरतात. मी सांगायची, खेळताना.

उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, चौसाळ्याच्या जवळच्या एका खेड्यात दिली. आमच्या घरी आमंत्रण होतं. मी पोट दुखतं म्हणून झोपून राहिले. आई जाऊन आली आणि लुगड्याची घडी करता करता म्हणाली, "तुला इचारीत होती गं ती." मी भिंतीकडं तोंड करून पडले होते, तशीच पडून राहिले.

मी शिकले, डी.एड. केलं, शिक्षिका झाले. बीडमध्ये घर केलं. माझं सासर चौसाळ्याच्या पुढं, हमरस्त्यालाच. म्हणजे सणावाराला, लग्नाकार्याला, दिवाळीला, वर्षातून दहा-बारा वेळा मी चौसाळ्यावरून जायची. एसटी चौसाळ्याच्या थांब्यावर उभी राहिली की मी दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघायची. कधी कधी वाटायचं, आज उतरावं. तिचं गाव तिथून पाच-सहा किलोमीटर. पण उतरून काय सांगणार होते? दर वेळी गाडी सुटायची आणि मला बरं वाटायचं.

एकदा ती मला दिसली. थोरला मुलगा माझ्या मांडीवर होता, दोन-अडीच वर्षांचा. गाडी थांबली, कंडक्टर चहाला उतरला. रस्त्याच्या कडेला ती दोन शेळ्या धरून उभी होती, कडेवर पोरगी. वाळली होती. गाडीच्या खिडक्यांकडं बघत होती, कुणी येणार असेल तिचं. तिची नजर माझ्या खिडकीकडं सरकायला लागली तशी मी पदर पुढं ओढला आणि पायाशी ठेवलेल्या पिशवीत वाकून काहीतरी शोधायला लागले. गाडी हलेपर्यंत शोधत राहिले. मुलगा विचारत होता, "आई, काय शोधते?"

आता जे सांगते ते सांगायला मला संकोच वाटतो, कारण ते चांगुलपणासारखं दिसतं. नोकरीत पस्तीस वर्षं मी मुलींना मैदानावर नेलं. पळणं, खो-खो, लांब उडी, जे असेल ते. मला स्वतःला खेळातलं काही कळत नाही. मी नियम पुस्तकातून वाचून शिकले. पण कुठल्या मुलीला घरून सोडत नाहीत असं कळलं की मी तिच्या दारात जाऊन बसायची. तालुक्याच्या स्पर्धेला, जिल्ह्याच्या स्पर्धेला त्यांच्यासोबत जायची, त्यांच्यातच झोपायची आणि परत आल्यावर एकेकीला घरापर्यंत सोडायची.

एका मुलीच्या घरी मी चार वेळा गेले होते. तिचेही वडील मेंढपाळ. चौथ्या वेळी ते म्हणाले, "बाई, तुमी कावून एवढ्या मागं लागलात? तुमची कोण लागती ती?"

मी म्हणाले, "कुणी न्हाई."

"पोरगी उघड्यावर पळती. लोक नावं ठिवत्यात."

"पूर्ण पँट घालून पळंल. मी हाय संगं. तुमच्या दारात आणून सोडते."

ते बराच वेळ चिलीम साफ करत बसले. मग म्हणाले, "न्या." ती मुलगी आज पोलिसात आहे. दरवर्षी दिवाळीला येते आणि पाया पडते. मी तिला उठवते तेव्हा मला दर वेळी वाटतं की हा नमस्कार चुकीच्या पत्त्यावर आला आहे.

मी निवृत्त झाले त्या दिवशी शाळेत कार्यक्रम झाला. सगळे माझ्या क्रीडाप्रेमाबद्दल बोलले. नंतर चहाच्या वेळी जुन्या गोष्टी निघाल्या आणि एक तरुण शिक्षक म्हणाला, "मॅडम, मी तर कशाचंच वाईट वाटून घेत नाही. झालं ते झालं. पस्तावून काय मिळतं कुणाला?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. मलाही काहीतरी म्हणायचं होतं. मला पस्तावून पुष्कळ मिळालं होतं. एवढ्या मुली मिळाल्या, त्यांच्या घरचे चहा मिळाले, आज हा नारळ आणि शालसुद्धा त्याच्यातूनच. पण जिच्यामुळं हे मिळालं तिला काय मिळालं, असा प्रश्न मनात आला आणि मला तो चहा संपवता आला नाही.

त्या आठवड्यात मी चौसाळ्याला उतरले. फार ठरवून गेले नाही. ठरवायला बसले असते तर पुन्हा गेले नसते. उतरल्यावर रिक्षा केली. गावात विचारलं तर पहिल्याच माणसानं घर दाखवलं. पत्र्याचं घर, पुढं निंब, निंबाखाली ती शेळ्यांना शेवरीचा पाला बांधत होती. केस पांढरे झालेले, अंगानं भरलेली. मला बघून तिनं डोळ्यांवर हात धरला.

"कोन म्हनायचं?"

मी गावाचं नाव सांगितलं. मग वडिलांचं नाव सांगितलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, आतून सतरंजी आणली, अंथरली आणि म्हणाली, "बसा बाई. कवा आलात तुमी?"

ते 'तुमी' मला लागलं. आमच्यात तुमी कधीच नव्हतं.

तिनं शेळीच्या दुधाचा चहा केला. कपबशी माझ्यापुढं ठेवली आणि स्वतः उंबऱ्याला टेकून बसली. नवरा दोन वर्षांपूर्वी वारला म्हणाली, मुलगा सून रानात आहेत म्हणाली. मी गाडीत घोकून आणलेलं बोलायला सुरुवात केली. संध्याकाळ, तुरीच्या शेंगा, मामा आले ते. शेवटी अर्ध्या चड्डीचं वाक्यही सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"ते व्हय," ती म्हणाली. "ते मला ठावं हाय. बा मारताना म्हणला, तुजी मैतरीनच म्हणली म्हून."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"लई मारलं?"

"मारलं की. आठ दिस हात वर व्हत नव्हता." शेळीबद्दल सांगावं तसं तिनं सांगितलं. "पर साळंतून त्यो काढणारच व्हता. माज्या मामानं, मायच्या भावानं, दिवाळीतच सोयरीक आनलती. मला म्हाईत व्हतं. म्हून तर पायाचा अंगठा दिला. म्हणलं, एक डाव बीड बघून घ्यावं."

मग ती म्हणाली, "आन चड्डी मी घातलीच न्हाई."

"म्हणजे?"

"सर लई म्हणले. मी न्हाई म्हणले. परकर खोचून पळाले."

जे तिनं केलंच नव्हतं त्याचा मार तिनं खाल्ला होता. आणि मग माझ्या लक्षात दुसरी गोष्ट आली. त्या शर्यतीचं काय झालं हे मला माहीत नव्हतं. चाळीसच्या वर वर्षं मी त्या दिवसाबद्दल विचार करत होते, आणि ती कितवी आली, हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. माझ्या त्या आठवणीत पायरी होती, शेंगा होत्या, मामा होते, मी होते. ती नव्हतीच.

"कितवी आलीस?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. "तिसरी," ती म्हणाली. "अगं पहिली आले असते. चुन्याच्या रेघा मारल्या व्हत्या. सर म्हणले, रेघ वलांडायची न्हाई. मला वाटलं, रेघंवर पाय पडला की बाद. म्हून मी खाली बगत पळाले. सगळं मैदान मी रेघ बगतच पळाले. आन शेवटाला परकर सुटला, गुडघ्यात आडकला." ती हसायला लागली, पदर तोंडाला लावून. तिनं मला पूर्ण शर्यत सांगितली. कुठल्या गावची पोरगी डाव्या हाताला होती, कुणाच्या पायात बूट होते, जेवायला काय दिलं, झोपायच्या हॉलमध्ये पंखा होता तो रात्री कसा आवाज करायचा. अर्धा तास ती बोलत होती. हे ऐकायला कुणीतरी यायला हवं होतं, इतक्या वर्षांत कुणी आलं नव्हतं.

मग ती एकदम थांबली. पाल्याची काडी तिनं बोटांत मोडली.

"तू आली न्हाईस," ती म्हणाली.

'तुमी' गेलं होतं.

"साळंत न्हाई, ते ऱ्हाऊ दे. घरी तरी यायचं. तीन महिने घरात बसून व्हते मी लग्नापत्तर. रोज सकाळी वाटंला बगायचे. पोरं साळंला जायची, तू दिसायची न्हाईस. मागनं माय म्हणली, ती उसातनं जाती. लग्नात बी आली न्हाईस. आन त्या दिवशी चौसाळ्याला, गाडीत. मी बगितलं तुला. तू पिशवीत डोकं घातलंस."

तिनं मोडलेली काडी शेळीपुढं टाकली.

"मला वाटलं, हिला आता आमची लाज वाटती. शिकली, मास्तरीन झाली. शेळ्या राखनाऱ्या बाईला कोन वळख देतंय."

"तसं नव्हतं गं," मी म्हणाले. "मला माझीच लाज वाटत होती."

"ते मला कसं कळावं?" ती म्हणाली.

ज्याला मी इतकी वर्षं पश्चात्ताप म्हणत होते, जो मला आतून खात होता आणि ज्याचा मला थोडा अभिमानही होता, तो तिच्या बाजूनं अगदी तुसडेपणासारखा दिसत होता. दोन्हीत फरक काय, तर काही नाही. मार आठ दिवसांत बरा झाला होता. पिशवीत घातलेलं डोकं तिला तीस वर्षं लागत होतं.

मी तिच्याकडं माफी मागितली, त्या वाक्याची आणि न येण्याची. ती "बरं" म्हणाली. तिच्या वडिलांसारखंच म्हणाली, पण तोंड वळवलं नाही. मग तिनं मला जेवायला थांबवलं. जेवताना सून रानातून आली तेव्हा ती तिला म्हणाली, "ही माजी साळंतली मैतरीन," आणि मी खाली मान घालून भाकरी कुस्करत राहिले.

त्यानंतर मी महिन्यातून एकदा तरी जाते. तिच्या गुडघ्यांसाठी तिला बीडला डॉक्टरकडं आणलं तेव्हा ती माझ्याकडं आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत एका दुपारी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी बी केलंय एक."

मी हात थांबवला.

"माज्या पोरीला नववीतनं काढली. मीच. बाप तिचा न्हाई म्हनत नव्हता. मला भ्या वाटायचं. हिनं काई केलं तर, कुणी काई म्हणलं तर. माजं झालं तसंच मी तिचं केलं." तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "ती तवा लई रडली. मी म्हणले, गप."

तिची मुलगी परळीला असते. जावई औष्णिक केंद्रातून राखेच्या गाड्या भरून नेतो.

"तिला कधी बोललीस हे?"

"काय बोलू? तिची पोरगी आता कालिजात जाती. आता बोलून काय व्हणार हाय?"

मी म्हणाले, "मी पण हेच म्हणत होते."

तिनं जुडी पुन्हा उचलली आणि पानं खुडली. मग म्हणाली, "तू चल मग संगं."

आम्ही दोघी परळीला गेलो. मुलीचं घर रुळांच्या पलीकडं. खिडकीच्या कठड्यावर राखेचा करडा थर होता, ती कपडे वाळत घालण्याआधी दोरी पुसत होती. आईला अशी न सांगता आलेली बघून ती घाबरली. मी कोण ते आईनं सांगितलं. चहा झाला. नंतर मुलगी भाकरी करायला बसली आणि माझी मैत्रीण तिच्या शेजारी चुलीपाशी जाऊन बसली, गुडघे दुखत असताना खाली, जमिनीवर. तिनं कुठलीही प्रस्तावना केली नाही. "तुला साळंतनं काढलं ते माजं चुकलं," ती म्हणाली.

मुलीचा हात थापताना थांबला नाही. भाकरी तव्यावर पडली, तिनं पाणी फिरवलं. "आता काय त्याचं," ती म्हणाली.

"काई न्हाई. सांगायचं व्हतं."

दोन भाकऱ्या झाल्या. तिसरीला तिचा हात थांबला आणि ती बोलायला लागली. शाळेबद्दल नाही, आधी भलत्याच गोष्टींबद्दल. पहिल्या बाळंतपणाला आई उशिरा आली ते. भावाला सायकल घेतली ते. मग शाळेचं आलं. दप्तर आईनं चुलत्याच्या पोराला देऊन टाकलं होतं, तिला न विचारता; त्यात तिची चित्रांची वही होती. ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती सांगत होती, एकामागून एक, आणि तव्यावरची भाकरी करपून काळी झाली तरी तिचं लक्ष नव्हतं. मीच उठून तवा खाली उतरवला. माझी मैत्रीण ऐकत राहिली. मध्ये एकदाही "पर अगं" म्हणाली नाही. मला वाटलं होतं ती म्हणेल. मी असते तर म्हणाले असते.

पश्चात्तापाचा उपयोग काय, हे मला अजून नीट सांगता येत नाही. माझ्या पश्चात्तापानं काही अनोळखी मुलींचं भलं केलं आणि ज्या एकीचं करायचं होतं तिला तीस-चाळीस वर्षं एकटं ठेवलं, हे दोन्ही खरं आहे आणि एकानं दुसरं भरून निघत नाही. एवढं मात्र मी पाहिलं की मनात ठेवला तोवर तो माझ्याच भोवती फिरत होता, आणि दारात जाऊन उभा केला तेव्हा पहिल्यांदा दुसऱ्याचं ऐकू आलं. ते ऐकायला गोड नव्हतं.

जेवणं झाली. दोघी मायलेकी फारसं बोलल्या नाहीत. निघताना मुलीनं आईच्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची पुडी घातली आणि मला म्हणाली, "मावशी, हिला गाडीत खिडकीजवळ बसवा. हिला मळमळतं."

परळीच्या स्टँडवर गाडी लागलेली होती. मी तिला खिडकीजवळ बसवलं. गाडी गावाबाहेर पडली, धुरांडी मागं राहिली.

"लई बोलली," ती म्हणाली.

"हं."

"तिची चित्रांची वही व्हती, मला म्हाईतच न्हवतं." ती खिडकीतून बाहेर बघत राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, "दिवाळीला ये म्हणले तिला. बगू म्हणली."

"येईल."

"न्हाई आली तर मी जाईन," ती म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून तिनं डोळे मिटले.